पेवातली ज्वारी

साठ-सत्तरच्या दशकात ज्यांचं बालपण माळवदाच्या घरांत गेलं, त्या आपणा सगळ्यांना जमिनीतलं धान्याचं पेव उघडण्याचा दिवस आठवत असेल. तोंडावरची फरशी सरकवली की आतून उबट, आंबूस वास यायचा. लगेच कुणाला आत उतरू देत नसत, कारण कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. आधी कंदील सोडायचा. तो विझला नाही, तरच गडी उतरायचा.

घरातल्या कणग्या आणि बळदं मात्र आई-आजीच्या ताब्यात. बियाण्याची कणसं आजी खळ्यावरच वेगळी काढायची: भरदार, टपोऱ्या दाण्यांची. काही आढ्याला टांगायची, काहींचे दाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. घरात दाणा नसला तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, हा नियम होता.

शेतीचा जन्म याच निवडीतून झाला. रानगवतांचे दाणे पिकले की गळून पडतात. ज्या ताटांचे दाणे कणसालाच धरून राहिले, तेच माणसाच्या हाती आले, तेच त्यानं पुन्हा पेरले. असं पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं आणि पश्चिम आशियात गहू-जव, सुदानच्या बाजूला ज्वारी माणसाळली. आपल्या भाकरीची ज्वारी अशी आफ्रिकेतून आलेली, ठेच्याची मिरची अमेरिकेतून. तरी दोन्ही आपलीच वाटतात, आणि ते योग्यच आहे. इतक्या पिढ्यांनी त्यांचं बी इथल्या मातीत राखलं.

आपण पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होतो, तेव्हा शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजचं उत्खनन चालू होतं. १९६८ साली सुरू झालेलं ते काम पुरातत्त्वज्ञ सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव तिथं निघालं. जव हे मुख्य पीक, जोडीला मसूर-वाटाणा. घरांपाशी धान्याची पेवं, पुराचं पाणी वळवायला बांध आणि चारी. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला आणि ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असं ढवळीकरांनी मांडलं. १९७२ च्या दुष्काळात मदतीची सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाल्लेल्यांना त्या झोपड्यांमधलं दुःख वेगळं सांगावं लागत नाही.

ज्वारीचं भारतातलं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ साली आलं. त्यानं उत्पन्न वाढलं, रिकामी पोटं भरली, हे मान्यच केलं पाहिजे. पण संकरित पिकाचं बी पुन्हा पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी पिशवी विकत आणणं आलं. आढ्यावरची कणसं उतरली, आणि कणीस कसं निवडावं हे आजीला कुणी विचारेनासं झालं.

तुमच्या घरी ते जाणणारी आई, मावशी, आत्या अजून असेल, तर या सुगीला तिला गावरान ज्वारीच्या शेतात घेऊन जा. ती निवडेल ती कणसं बियाण्याला ठेवा.