साक्षीदाराचा पिंजरा

नांदेडला जा की लातूरला, जिल्हा न्यायालयाच्या दालनात न्यायासनाच्या बाजूला तो उभा दिसेल. लाकडी कठडा, आत एका माणसापुरती जागा. शिपाई नावाचा पुकारा करतो आणि किनवटचा, मुखेडचा, औशाचा कुणीतरी आत येतो. हात कुठे ठेवावेत ते सुचत नाही, म्हणून कठड्यावर टेकवतो. नेमकं तिथलंच पॉलिश उडालेलं असतं. मग शपथ: ईश्वरसाक्ष खरं सांगेन.

येणाऱ्याची पत हा पिंजरा विचारत नाही. देगलूरकडची तेलुगू, उदगीरकडची कानडी, तांड्यावरची गोरमाटी, सगळ्या बोली त्याने ऐकल्या आहेत. ज्याला वाचा नाही, त्याच्या खाणाखुणाही तो साक्ष म्हणून घेतो. माणसं मोजून तो भुलत नाही. कायद्याने साक्षीदारांची संख्या ठरवलेलीच नाही, त्यामुळे खरी वाटली तर एकट्या शेतमजूर बाईची साक्षही पुरते.

कानाचा मात्र तो पक्का. ‘लोक म्हनत होते...’ अशी सुरुवात झाली की वकील उठतात. लोकांचं राहू द्या, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं? सरतपासात सांगितलेलं उलटतपासात टिकावं लागतं.

सर्वांत कडक तो कबुलीजबाबाच्या बाबतीत. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातला हा नियम. निजामाचं राज्य गेल्यावर, १९५१ साली, तो कायदा मराठवाड्याला लागू झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्याच्या कलम २३ मध्येही नियम कायम आहे. खुद्द इंग्लंडात पोलिसांपुढची कबुली, दडपणाविना दिली असेल तर, चालते. इथे कोठडीतल्या मारहाणीची धास्ती धरून दारच बंद केलं. या कायद्यात फट एकच. ‘या कोयत्यानं मारलं, कोयता विहिरीत टाकलाय, काढून देतो’ असं आरोपी म्हणाला आणि कोयता खरंच सापडला, तर ‘मारलं’ गळतं. विहिरीचं तेवढं उरतं. तेही कुणीतरी पिंजऱ्यात येऊन सांगावं लागतं.

आणि पूर्वलौकिक? आरोपी आपलं चांगलं वर्तन पुढे आणू शकतो. त्याने ते आणलं नाही तर त्याची बदनामी सहसा सरकारपक्षाला उगाळता येत नाही. मराठवाड्यात हा नियम फार मोलाचा आहे. १८७१ साली इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी अजून कुठे चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालावर जातो. १८७२ साली, म्हणजे त्या कायद्याच्या पुढच्याच वर्षी, आलेला पुरावा कायदा मात्र सांगत आला: हा कोण ते नको, याने हे केलं का ते दाखवा.

पिंजऱ्याचं दुबळेपण एकच: साक्षीदार फितूर झाला की पिंजऱ्याला काही करता येत नाही. दबावाला घाबरणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली, पण गावातली भीती एका आदेशाने जात नाही. म्हणून समन्स आलं की ‘कशाला लचांड मागे लावून घेता’ असं शेजाऱ्याला सांगू नका. त्याच्यासोबत न्यायालयात जा. मारून घेतलेली कबुली, गावची कुजबुज आणि जातीवरचा डाग यांना बाहेर ठेवायचं काम पिंजरा करतो. पाहिलेलं खरं आत नेऊन ठेवायचं काम आपलं आहे.