दम धर

माझा मोठा भाऊ १९९७ साली नोकरीसाठी रियाधला गेला. जाण्याच्या आदल्या रात्री त्याने मला जवळ बोलावले आणि कपाटाशेजारच्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "माझ्या नवाबला सांभाळ. मी येईपर्यंत तो तुझा."

नवाब म्हणजे एक नारिंगी गोल्डफिश. हे नाव दादीने ठेवले होते. तो शेपटी हलवत इतक्या संथपणे फिरायचा, की मदनपुऱ्यातल्या आमच्या त्या दोन खोल्या जणू त्याची हवेलीच! भाईजानने क्रॉफर्ड मार्केटमधून आणला, तेव्हा तो बोटाच्या एका पेराएवढा होता. आता शेपटीसकट माझ्या तळहातापेक्षा मोठा झाला होता. त्याच्याबरोबर टाकीत आणखी दोन लहान गोल्डफिश, चार काळे मॉली आणि सहा गप्पी होते. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच होती.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९९८ च्या मे महिन्यात, आमची इमारत दुरुस्तीसाठी रिकामी करण्याची नोटीस आली. इमारत फार जुनी झाली होती. पावसाळ्यापूर्वी सर्वांना सायनच्या प्रतीक्षानगरातील संक्रमण शिबिरात जायचे होते. तिथे एकच खोली मिळणार होती, बारा फूट बाय पंधरा फूट. आम्ही सहा माणसे होतो. अब्बांनी टेप घेऊन नवी खोली मोजली. पलंग कुठे, पेट्या कुठे, दादीची जानमाज कुठे, असे सगळे कागदावर मांडले. शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, टाकीला दीड फूट जागा आहे. त्याहून एक इंच जास्त नाही."

मी हिशेब केला. जुन्या टाकीत साडेचार घनफूट पाणी मावत होते. नव्या टाकीत दीड घनफूट मावणार होते. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी असते. म्हणजे १२६ लिटरांच्या घरातून मासे ४२ लिटरांच्या घरात जाणार होते. आम्हीही जवळजवळ तसेच चाललो होतो, म्हणून मला त्यात विशेष काही वाटले नाही. लहान दोन गोल्डफिश मी चाचांकडे दिले. मोठी टाकीही त्यांच्याच माळ्यावर गेली. नवाबला मात्र मी कोणालाच देणार नव्हतो.

सामान हलवायच्या दिवशी माझ्या हातून मोठी चूक झाली, आणि ती मी अगदी मन लावून केली. माशांना नवे घर स्वच्छ मिळावे, म्हणून मी सारी रेती नळाखाली घासून धुतली. हवेच्या नळीला लावलेला काळपट स्पंज पिळून पिळून पांढरा केला. मग नव्या टाकीत नळाचे ताजे पाणी भरले आणि मासे एकदम आत सोडले. टाकी आरशासारखी चमकत होती. अम्मीने शाबासकी दिली. मीही खुशीत येऊन माशांना दुप्पट खाणे टाकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन गप्पी उलटे तरंगताना दिसले. दुपारी एक मॉली मेला. बाकीचे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. नवाब एका कोपऱ्यात पंख मिटून उभा होता. आमची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. वरून उन्हाचा मारा, आणि थोडे पाणी लवकर तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पण हे मला त्या वेळी कुठे ठाऊक होते?

शेजारच्या खोलीत एक निवृत्त गिरणी कामगार राहत होते. त्यांच्या दारातून मी एक छोटी टाकी पाहिली होती. आमच्या घरात मराठी वाचणारा मी एकटाच होतो, तीही शाळेपुरती. तरी मी धीर करून त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, माझे मासे मरतात. पाणी सगळे फेकू का?"

काका उठत म्हणाले, "अरे, दम धर!"

उर्दूत दम म्हणजे श्वास. मी लगेच श्वास रोखून धरला. काका दाराबाहेर आले आणि माझे फुगलेले गाल बघतच राहिले. मग प्रकार लक्षात येताच ते इतके हसले, की आतून काकी बाहेर आल्या. "बाळा, श्वास घे आधी," त्या म्हणाल्या. दम धरणे म्हणजे घाई न करणे, वाट पाहणे, हे मला त्या दिवशी कळले.

काकांनी टाकी पाहिली. स्पंज हातात घेतला आणि विचारले, "हा धुतलास?"

"होय, अगदी स्वच्छ."

"तिथेच गाडी अडली. टाकी लहान झाली म्हणून मासे मेले नाहीत रे. तू त्यांचे सफाई कामगार धुऊन टाकलेस."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाणे कुजले, की त्यातूनही अमोनिया होतो. हे माशांना विषच. स्पंजवर आणि रेतीवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही घातक असते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोडे असले तर मासे सहन करतात. हे जिवाणू नव्याने वाढायला महिना-दीड महिना लागतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते जंतूंना मारते, तसेच या उपयोगी जिवाणूंनाही मारते. माशांचे कल्लेही त्याने पोळतात. मोठ्या टाकीत पाणी भरपूर असते, म्हणून चूक पसरून पातळ होते. लहान टाकीत ती लगेच अंगाशी येते.

काकांनी आपल्या टाकीतला एक स्पंज माझ्या टाकीत आणून ठेवला. तो काळाकुट्ट होता. अम्मीने नाक मुरडले. पण ती काही बोलली नाही. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने बुचकळायचा, असे काकांनी बजावले. टाकीला उन्हाच्या बाजूने ओले फडके लावले. त्या दिवशी माशांना खाणे बंद. दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटांत संपेल एवढेच, चिमूटभर. नळाचे पाणी बादलीत दिवसभर उघडे ठेवायचे आणि रोज टाकीतले फक्त पाव पाणी बदलायचे. सगळे पाणी एकदम कधीच नाही. पाण्यासाठी आमच्याकडे दोनच बादल्या होत्या, त्यांतली एक माशांसाठी अडवली. यावरून आपा आणि माझे रोज भांडण होई.

आठवड्याभरात गप्पी पुन्हा खेळू लागले. मॉली रेती टोचू लागले. नवाब जगला, पण तो पूर्वीसारखा नव्हता. तो वळायला गेला, की त्याची शेपटी काचेला घासायची. मग तो थांबायचा आणि थोडा मागे सरकून पुन्हा वळायचा. शेपटीची कड फाटलेली दिसू लागली. काका म्हणाले, "गप्पींना हे घर पुरेल. याला नाही. हा वाढणारा मासा आहे, आणि सगळ्यांत जास्त घाणही हाच करतो. मन घट्ट कर."

दर शुक्रवारी खालच्या दुकानात भाईजानचा फोन येई. सलाम झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न असे, "नवाब कसा आहे?" दोन शुक्रवार मी "मजेत" असे उत्तर दिले. तिसऱ्या शुक्रवारी खोटे बोलवेना. मेलेले मासे, धुतलेला स्पंज, फाटलेली शेपटी, मी सगळे सांगून टाकले. पलीकडून आवाज येईना. त्याचे पैसे जात होते, म्हणून मला आणखीच घाबरल्यासारखे झाले.

मग तो म्हणाला, "इथे आम्ही एका खोलीत आठ जण आहोत. कूस बदलायची तर शेजारच्याचा धक्का लागतो. त्याला मोठ्या टाकीत नेऊन सोड."

मदनपुऱ्यात आमच्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात चार फुटी टाकी होती आणि तिच्यात तीनच गोल्डफिश होते. ते आनंदाने तयार झाले. रविवारी पहाटे, ऊन चढण्याआधी, मी जाड पिशवीत नवाबच्याच टाकीतले पाणी घेतले. एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. पिशवी बादलीत ठेवून अब्बा आणि मी बसने निघालो.

दवाखान्यात मी आधी टाकीवरचा दिवा बंद केला. बंद पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गार होईल. नंतर पिशवीचे तोंड उघडून दर पाच मिनिटांनी कपभर पाणी टाकीतून काढून पिशवीत ओतत राहिलो. कंपाउंडरसाहेबांना दवाखाना झाडायचा होता. ते दोनदा येऊन विचारून गेले, "अजून किती वेळ?"

"दम धरा," मी म्हणालो.

सहा कप झाले. मग मी नवाबला जाळीत घेऊन अलगद टाकीत सोडले. पिशवीतले पाणी मोरीत ओतले. तो काही वेळ तळाशी स्थिर राहिला. बाकीचे मासे जवळ येऊन त्याला पाहून गेले. अब्बा म्हणाले, "चल, दादी वाट पाहत असेल." तरी मी तसाच उभा होतो.

हळूच नवाबने शेपटी हलवली. तो लांबवर पोहत गेला, टोकाशी पोहोचला आणि वळला. त्याची शेपटी काचेला लागली नाही.