आधी 'बाँझूर', मग पाव

गेल्या उन्हाळी सुट्टीत अब्बांना घेऊन पॅरिसला धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे राहून आले. आयफेल टॉवरबद्दल सगळेच लिहितात. मला सांगायचे आहे ते बेकरीतले.

पहिल्याच सकाळी भाच्यासोबत 'बागेत' आणायला गेले. (आपल्या बागेशी याचा संबंध नाही, हा हातभर लांबीचा पाव.) पाठ केलेले वाक्य म्हटले, शेवटी 'सिल व्हू प्ले' म्हणजे 'कृपया' हेही जोडले. काउंटरवरच्या बाई जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बाँझूर, मादाम." भाच्याने कोपर मारले, "खाला, पहले सलाम!" तिथे दुकानात शिरताना 'बाँझूर' न म्हणणे म्हणजे कुणाच्या घरात न विचारता घुसण्यासारखे. निघताना 'ओ रव्हार' हवेच. वीस वर्षे वर्गाच्या दारात मुलांना सलाम शिकवणारी मी, चांगलीच ओशाळले.

उर्दूत तू, तुम, आप. फ्रेंचमध्ये दोनच पायऱ्या, 'त्यू' आणि 'व्हू'. घरचे, मित्र, मुले यांना त्यू. अनोळखी माणसाला, दुकानदाराला, शिक्षकांना व्हू. अल्लाहला मात्र आपल्यासारखेच 'तू'. हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह अनेक दशके पॅरिसला राहिले. त्यांच्या १९५९ च्या फ्रेंच कुरआन अनुवादात सूरह फातिहामध्ये हेच 'तू' आहे.

पगार किती, घर केवढ्याला घेतले, हे ओळख नसताना विचारायचे नाही. मी शेजारणीला विचारले. बहिणीने विषय बदलला.

खरी अडचण जेवणाच्या दस्तरख्वानवर आली. अब्बा बोलत असताना भाचा मध्येच म्हणाला, "नाना, मला हे पटत नाही." अब्बांनी घास खाली ठेवला आणि उठून गेले. बहीण रडवेली झाली. "आपा, तो बेअदब नाही," ती म्हणाली. "इथे मध्ये बोलणे म्हणजे मी लक्ष देऊन ऐकतोय. गप्प बसला तर यांना वाटते कंटाळला." तिथे शाळेच्या शेवटच्या 'बाकालोरेआ' परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो, नुसते पाठांतर तिथे चालत नाही. मला मुलाचे पटत होते, पण अब्बांचा न संपलेला घासही दिसत होता.

दुसऱ्या रात्री तो पुन्हा मध्ये बोलला. अब्बांनी हात वर केला, "मियाँ, पहले मेरी बात पूरी होने दो." तो थांबला. अब्बांनी वाक्य संपवले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हाँ, अब बोलो. क्या नहीं पटा?"