कच्चे टाके

आमच्या आईला गोधड्या शिवण्याचा नाद होता. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडा ताणून घ्यायच्या आणि थर सरकू नयेत म्हणून आधी लांबलांब कच्चे टाके घालायचे. पक्की शिवण झाली की हे टाके ती उसवून टाकी. मेहनतीने घातलेला दोरा काढून का टाकायचा, हे आम्हां भावंडांना तेव्हा कळत नसे.

पुढे स्टोव्हचा भडका उडून तिचा उजवा हात भाजला. डॉक्टरांनी मांडीची त्वचा काढून हातावर लावली. एक जखम झाकण्यासाठी दुसरी करावी लागते, हे आम्ही त्या दिवसांत पाहिले. हातापेक्षा मांडीच्याच वेदनेने ती रात्ररात्र कण्हत असे. आम्ही दोघेही भाषा शिकवणारे. पण त्वचेविषयी मिळेल ते वाचण्याची सवय आम्हांला तेव्हापासून लागली.

माणसाच्या त्वचेच्या पेशी भांड्यात वाढवता येतात, हे जेम्स ऱ्हाइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ साली दाखवले होते. अडचण पुढची होती. तयार झालेला पापुद्रा तळापासून सोडवण्यासाठी विकर वापरावे लागे, आणि पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांनाच ते कुरतडे. जपानमधील नागोया विद्यापीठातील अकिरा इतो, हिरोयुकी होंडा आदी संशोधकांनी २००४ साली यावर वेगळाच उपाय मांडला. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचे एक ऑक्साइड. त्याचे अतिसूक्ष्म कण त्यांनी मेदाच्या धनभारित पिशव्यांत भरले. पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित. त्यामुळे पिशव्या तिला चिकटल्या आणि पेशीने त्या आत घेतल्या. एका पेशीच्या वाट्याला आले अवघे ३३ पिकोग्रॅम मॅग्नेटाइट. मग पेशींना चिकटताच येणार नाही अशा तळाच्या भांड्यात त्या सोडल्या आणि खाली ४००० गाऊसचा चुंबक ठेवला. पेशी तळाशी ओढल्या गेल्या आणि त्यांचे पाच थर झाले.

आम्हांला थांबवले ते त्यानंतरच्या वाक्याने. भोवतीच्या द्रवातील कॅल्शियम वाढवल्यावर त्या पाच थरांचे दहा झाले. चुंबकाने पेशी फक्त जवळ आणल्या होत्या. पुढचे थर त्यांनी आपल्या धर्माप्रमाणे स्वतःच रचले. शेवटी चुंबक काढून घेतला, तेव्हा अख्खा पापुद्रा तळापासून सुटला. विकराची गरजच उरली नाही. सुटलेला पापुद्रा उचलायलाही चुंबकच कामी आला.

वर्गात आम्ही सांगत आलो आहोत की 'ऊती' या शब्दात विणणे आहे, 'टिश्यू' हे मुळात विणलेले वस्त्र आहे आणि 'टेक्स्ट'चा उगमही विणण्याच्याच लॅटिन धातूत आहे. हे खरेच, पण या प्रयोगापुढे विणकामाची उपमा अपुरी वाटते. विणकरावाचून धागे आपणहून गुंफले जात नाहीत. इथे मात्र बाहेरच्या शक्तीचे काम कच्च्या टाक्याइतकेच: थर जागेवर ठेवायचे, आतली शिवण पक्की होईपर्यंत थांबायचे आणि मग निघून जायचे.

या पद्धतीच्या मर्यादा आम्ही विसरत नाही. अशा पापुद्र्यात घर्मग्रंथी नसतात, केसांची मुळे नसतात, रक्तवाहिन्या नसतात. थर फार वाढवले तर आतल्या पेशींना प्राणवायूच पुरत नाही. प्रयोगशाळेतील यश आणि रुग्णाची खाट यांत मोठे अंतर असते. आईच्या मांडीची वेदना या शोधाने टळली असती, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

तरी हा निबंध वाचताना आम्हांला आठवले ते तिच्या आजारानंतरचे दिवस. हात भरून आल्यावरही कित्येक आठवडे आम्ही तिला स्टोव्हजवळ फिरकू दिले नव्हते. भाजी आम्ही चिरायची, दूध आम्ही तापवायचे, सुईसुद्धा आम्ही कपाटात ठेवून दिली होती. यालाच आम्ही माया समजत होतो. तिचे बोलणे कमी होत गेले, ते मात्र आमच्या ध्यानात आले नाही.

एका पहाटे तिने आम्हांला हाका मारून उठवले. समोर दोन कप चहा होता. कप पुढे करणाऱ्या हातावरची नवी त्वचा अजून गुलाबी दिसत होती.

"आता पुरे झाली तुमची राखण," ती म्हणाली, "सुई कुठे ठेवलीत तेवढं सांगा."