समोरच्या अक्कांचा दिवा



सूर्यास्ताआधी जेवणारं घर असलं की संध्याकाळ मोठी मिळते. सातच्या सुमारास आपला ओटा पुसून कोरडा झालेला असतो आणि शेजारी तेव्हा कुठे कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. या वेळात कुणी स्वाध्याय करतं, कुणी मालिका बघतं. आम्ही दोघं गेली बारा-तेरा वर्षं सतरंजी घेऊन गच्चीवर जातो आणि तारे बघतो. दुर्बीण वगैरे काही नाही. एक आकाशाचा नकाशा आणि काचेवर लाल कागद चिकटवलेली बॅटरी, एवढंच सामान.

लाल कागद कशाला, असं सगळ्याजणी विचारतात. आपले डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पांढऱ्या प्रखर दिव्याकडे एकदा नजर गेली की सगळी मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मंद लाल उजेडाने मात्र डोळे फारसे बिघडत नाहीत.

गेल्या आषाढात आमच्या गल्लीत एक चोरी झाली. समोरच्या अक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि एकट्या राहतात. मुलगा बंगळूरला. त्याने काळजीने फोनवरूनच माणूस ठरवून अक्कांच्या कठड्यावर 50 वॉटचा पांढराशुभ्र फ्लडलाइट लावून घेतला. तोंड सरळ समोर, म्हणजे आमच्या गच्चीकडे. संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत तो दिवा चालू. आमच्या गच्चीवर अक्षरशः पेपर वाचता यायचा. पावसाळा होता तोवर चाललं. आभाळ मोकळं झालं तेव्हा कळलं की आपलं आकाशच गेलं आहे. व्याधासारखे दोन-चार ठळक तारे तेवढे उरले होते.

आमचे हे म्हणाले, "आपण ताडपत्री बांधू." बांधली. वाऱ्याने दुसऱ्या दिवशी खाली आली.

जाऊन सांगावं तर काय सांगणार? एकट्या म्हाताऱ्या बाईला आपण म्हणायचं, मला तारे दिसत नाहीत, तुमचा दिवा बंद करा? तिची भीती खरी आणि माझा छंद रिकामपणाचा, असंच कुणीही म्हणेल. म्हणून मी गप्प होते.

पण आणखी एक गोष्ट मला रोज दिसत होती. श्रावण-भाद्रपदात अक्का सकाळी दार उघडून मऊ कुंच्याने पायरी झाडायच्या. दिव्याखाली पाखरांचा आणि पंखांचा सडा पडलेला असायचा. त्यातलं एखादं अजून हलत असलं तर अक्का त्याला कागदावर घेऊन कुंडीत सोडायच्या आणि णमोकार म्हणायच्या. रात्रभर दिव्याभोवती फिरून फिरून ती दमून पडतात, उरलेली पाली खातात. आपण रात्री जेवत नाही, पाणी गाळून पितो, ते कशासाठी? डोळ्यांना न दिसणारा जीवसुद्धा आपल्या हातून दुखावू नये म्हणून. आणि इथे डोळ्यांना स्वच्छ दिसणारे जीव रोज सुपाने भरून काढावे लागत होते. अक्कांनाही ते टोचत होतं. पण भीतीपुढे त्यांचा इलाज नव्हता.

शेवटी मार्गशीर्षात एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, मी थालीपीठं घेऊन गेले. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग विषय काढला. त्यांचा चेहरा लगेच उतरला.

"दिवा घालवला तर मला झोप कशी लागंल गं?"

"अक्का, दिवा घालवा असं मी म्हणतच नाही. फक्त एकदा आमच्याकडे येऊन तुमचं घर बघा."

अंधार पडल्यावर त्यांना हाताला धरून आमच्या खिडकीशी आणलं. म्हटलं, "तुमच्या दारात आत्ता कोण उभं आहे, सांगा बघू."

त्यांनी डोळे बारीक केले. समोर नुसता पांढरा झगझगाट, आणि त्याच्या खाली सगळं काळं. "कुणी न्हाई," म्हणाल्या.

मग मी त्यांच्या डोळ्यांपुढे तळहात असा आडवा धरला की दिवा झाकला जावा. दोन क्षण गेले आणि अक्का ओरडल्याच, "अगं बाई! हे तर तुझे मालक!"

आमचे हे दाराला टेकून शांतपणे उभे होते. तेव्हा मी म्हटलं, "रात्री तुमच्याकडे काही कमी-जास्त झालं तर मुलगा बंगळूरहून बघणार नाही. बघणार आम्ही. आणि आम्हाला तुमचं दारच दिसत नाही."

अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वायरमनला कधी बोलावतेस?"

आता बदल काय केला ते नीट सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकींच्या दारात असाच दिवा असेल. फ्लडलाइट काढून दाराच्या वरच 10 वॉटचा दिवा लावला. त्याला वरून पत्र्याची टोपी, म्हणजे उजेड पायरीवर आणि फाटकावर पडतो, कुणाच्या डोळ्यांत किंवा आभाळात जात नाही. रंग पिवळसर. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा. आपण 3000 किंवा त्याहून कमी घ्यायचा. निळसर उजेड हवेत जास्त विखुरतो, त्याने आभाळ जास्त उजळतं आणि पाखरंही त्यावर जास्त येतात. शिवाय सेन्सर बसवला. कुणी फाटकाशी आलं तरच दिवा लागतो. अंधारात एकाएकी दिवा लागला की आमचंही लक्ष जातं, रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे कोण बघतं? पहिले दोन दिवस मांजराने सगळ्यांना जागं ठेवलं, मग वायरमनने सेन्सरचं तोंड थोडं फिरवून दिलं.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवेना. 50 वॉट रोज बारा तास म्हणजे महिन्याला 18 युनिट, वर्षाला 219. आता महिन्याला एक युनिटसुद्धा पुरतं होत नाही. अक्कांच्या मुलाला जीवदयेपेक्षा हा आकडा लवकर पटला. असो, पटला ना!

नाताळच्या सुट्टीत नात आली होती. तिला घेऊन आम्ही गच्चीवर अर्धा तास काळोखात बसलो आणि मग तिला कृत्तिका दाखवल्या. तिने बोट नाचवत मोजल्या, सहा. दिव्याच्या दिवसांत मला तिथे नुसता धूसर ठिपका दिसायचा. कोपऱ्यावरच्या खांबावरचा मोठा दिवा आहेच, म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सतरंजी टाकतो. आकाशगंगा काही आमच्या गच्चीवरून दिसत नाही. तिच्यासाठी खराखुरा काळोख हवा. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 साली त्या काळोखासाठीच डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, भारतातला पहिला. जंगलाचा काळोख जपायला सरकार लागतं, पण दारातला काळोख दोन घरं मिळून जपू शकतात.

तारे बघणं हा रिकामा छंद आहे, असं मला आता वाटत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात ज्योतिष्क देवांचे पाच प्रकार आपण वाचतो: सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रं आणि तारे. कल्याणकांची नक्षत्रं पाठ म्हणतो. महावीर भगवंतांचा जन्म उत्तरा फाल्गुनीवर, निर्वाण स्वातीवर. पण ती नक्षत्रं दाखव म्हटलं तर आपल्यातल्या किती जणींना दाखवता येतील?

येत्या महावीर जयंतीला हे करून बघा. मिरवणूक, पूजा, पाळणा सगळं आटोपल्यावर नऊ-साडेनऊला गच्चीवर जा. घरचे बाहेरचे दिवे अर्धा तास बंद ठेवा. चंद्र असेलच, आणि त्याच भागात सिंह राशीच्या शेपटीशी एक ठळक तारा दिसेल, ती उत्तरा फाल्गुनी. मग सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे पूर्वेकडे वाढवत न्या. तिथे नारिंगी झाक असलेली तेजस्वी स्वाती दिसेल. जन्माचं आणि निर्वाणाचं, दोन्ही नक्षत्रं एकाच आभाळात.

अक्कांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. त्यांच्यासाठी आम्ही त्या दिवशी खुर्ची अंगणातच टाकणार आहोत, आणि सेन्सरचं बटण तेवढा वेळ त्या स्वतःच बंद करणार आहेत.

जय जिनेंद्र.