पाटी फाटकावरच होती

आमच्या शहापुरातल्या घराला वर एक खोली आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ती रिकामी झाली. 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी मी स्वतःच्या हाताने लिहून फाटकाला लावली. पाटी अर्थातच मराठीत. बेळगावात मराठी पाटी लावणं म्हणजे नुसती पाटी लावणं नसतं, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मुलगी आली. बावीस-तेवीस वर्षांची, इथल्या एका दवाखान्यात नर्स, गाव विजापूर. "मावशी, पाटी वाचून आले," म्हणाली. दवाखान्यातल्या पेशंटांकडून शिकलेलं मराठी ती अडखळत, पण न लाजता बोलत होती. मी खोली दाखवली. खिडकी, नळ, गच्ची सगळं तिला पसंत पडलं. भाड्याचं आणि ॲडव्हान्सचंही बोलणं झालं. तिने कागदावर फोन नंबर लिहून दिला. मग मी नाव विचारलं. तिने सांगितलं. नाव मुसलमान होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण सकाळीच एकजण बघून गेलेत. त्यांना शब्द दिल्यासारखा आहे."

ती वाद घालत बसली नाही. "बरं मावशी," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

"कोण होतं गं?" यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरं केलंस. उगाच कटकट नको," एवढं बोलून यांनी बातम्या लावल्या. गोष्ट तिथेच संपायची. पण मला रात्री झोप येईना. त्या मुलीचं ते "बरं" कानातून जाईना, कारण ते माझ्या ओळखीचं होतं.

१९८६ सालची गोष्ट. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. वडील वारले होते आणि शेताच्या उताऱ्यावर आईचं नाव लावायचं होतं. मराठीत लिहिलेला अर्ज घेऊन मी एका कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने तो वाचलासुद्धा नाही. "कन्नडदल्लि बरेदु तन्नि," म्हणत कागद बाहेर सरकवला. मागे रांग होती. मी "बरं" म्हणाले आणि पायऱ्या उतरले. पुढे आमच्याच शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या मास्तरांनी तो अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला आणि सुट्टी काढून माझ्याबरोबर कचेरीत आले. 'हा तुमचा प्रश्न' असं ते म्हणू शकले असते, पण म्हणाले नाहीत.

त्याच वर्षी जूनमध्ये इथे कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून तो दिवस आपण काळा दिवस म्हणून पाळतो. २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, तो अजून तिथेच आहे. तीन पिढ्या यात गेल्या. त्यामुळे 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' हे म्हणायचा हक्क आपला, असं मला नेहमी वाटत आलं.

पण ज्याचं जळतं त्याला दुसऱ्याचं जळलेलं कळतंच, असं कुठे आहे?

ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पेपर उघडून कोणीतरी म्हणालं, "बरी अद्दल घडली." मी मान डोलावली. परक्या भाषेच्या गावात परीक्षा द्यायला आलेली ती मुलं होती. नोकरीच्या बाबतीत आपल्या मुलांना भाषेवरून डावलतात, म्हणून आम्ही सगळे त्याच खोलीत बसून हळहळत असू. तेव्हा कोणी हे बोलून दाखवलं असतं, तर मी लगेच म्हटलं असतं, "तो प्रश्न वेगळा आहे." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे काय उगाच म्हणतात?

त्या रात्री मी विचार करत राहिले की हे असं का होतं. वर्षानुवर्षं आपली तक्रार कोणी ऐकून घेतली नाही, की दुसऱ्याची तक्रार ऐकायला कान तयार होत नाहीत. आधी आमचं बघा, मग तुमचं. आणि दुसरं कारण कबूल करायला जड जातं. भाषेने मी इथे थोड्यांतली, पण धर्माने पुष्कळांतली. खिडकीपुढे माझं चालत नाही, जिन्यावर चालतं. जिथे चालतं तिथे मी ते चालवून घेतलं. त्या मुलीची शाळा कन्नड. त्या खिडकीने तिचा अर्ज परत केला नसता. तिला परत पाठवलं ते माझ्या दाराने.

शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवत असे. घटनेचं ३० वं कलम फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. अल्पसंख्य धर्माने असोत की भाषेने, आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा हक्क त्यांना एकाच वाक्यात दिला आहे. म्हणजे घटनेने मला आणि तिला एका ओळीत बसवलं आहे. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण ज्या कलमाचा आधार घेतो, ते निम्मं तिचंही आहे. दुकान, हॉटेल, विहीर, तलाव यांची नावं १५ व्या कलमात आहेत. माझ्या वरच्या खोलीचं नाव कुठल्याच कलमात नाही. तिथे मीच कचेरी आणि मीच खिडकी.

दोन दिवसांनी मी धीर करून त्या नंबरवर फोन लावला. "खोली अजून रिकामी आहे गं," म्हटलं.

"माहीत आहे मावशी," ती म्हणाली. "ड्युटीला तुमच्याच रस्त्याने जाते मी. पाटी फाटकावरच आहे."

मला काय बोलावं सुचेना. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. "असू दे," ती म्हणाली. तिला दुसरीकडे खोली मिळाली होती. लांब होती, पण मिळाली होती. घरी यायचं बोलावणं मी केलं. ती "बघते" म्हणाली. अजून आलेली नाही आणि तिने का यावं, हेही मला सांगता येत नाही.

पुढे महिन्याभराने फरशी बसवायचं काम करणारा एक बिहारी मुलगा बायकोला घेऊन आला. मी खोली दाखवली, भाडं ठरवलं आणि किल्ली दिली. "कोण, कुठले, काही चौकशी केलीस का?" यांनी विचारलं.

"केली," मी म्हटलं. "भाडं पाच तारखेच्या आत द्याल ना, म्हणून विचारलं."

नाव मी आता पावती लिहिताना विचारते.