आटे

तबला चुंबळीवर बसतो, ढोलकी मांडीवर किंवा कमरेला बांधून राहते, हलगी हातात तोलली जाते. आपल्याकडच्या बहुतेक चर्मवाद्यांना बसायची, नाहीतर कुणाच्या तरी अंगाशी राहायची सवय. विलायती ड्रमसेटमधला टॉम मात्र अधांतरी. खाली मोठा बेस ड्रम आडवा पडलेला आणि त्याच्या पाठीवर खोचलेल्या लोखंडी दांडीला हा टांगलेला. ऐकणाऱ्याचं त्या दांडीकडे कधी लक्ष जात नाही. माझं गेलं, त्याला कारण आमच्या कॅम्पातले अंकल.

मी दिवसा बँकेत आणि रात्री ऑर्केस्ट्रात. ॲकॉर्डियन वाजवत असे. गणेशोत्सव, लग्नं, चर्चची फेस्तं, कधी खानापूर तर कधी सावंतवाडी, असा आमचा संसार टेम्पोतून फिरायचा. अंकल आमचे ड्रमर. घराणं मूळ गोव्याचं, वडील बोटीवर नोकरीला. त्यांनीच १९६४ साली इंग्लंडहून हा सेट आणला होता. बाहेरून वाद्य आणणं त्या काळी सोपं नव्हतं, म्हणून अंकल सेटला पोटच्या पोरासारखे जपत. मुंबईच्या सिनेमासंगीतात कावस लॉर्ड, फ्रँको वाझ यांच्यासारख्यांनी ड्रम गाजवले, ते सगळ्यांना ऐकू आले. गावोगावच्या ऑर्केस्ट्रात असे कितीतरी अंकल वाजवून गेले, त्यांची रेकॉर्ड कुठे निघाली नाही.

टेम्पोत ड्रम चढवता-उतरवताना मी त्यांच्या हाताखाली शिकलो. ते सांगत, अगदी सुरुवातीला टॉम म्हणजे चिनी ढोल असत, कातडं खिळ्यांनी ठोकलेलं; सूर लावायचा तर शेकावं लागे. १९३०च्या दशकात दोन्ही तोंडं पिळून सुरात आणता येतील असे टॉम अमेरिकेत निघाले. मग टांगण्याच्या तऱ्हा सुरू झाल्या. कुणी बेस ड्रमवर पट्टी बसवून टॉम तिच्यावर सरकता ठेवला. रॉजर्स कंपनीने गोळा आणि खोबण यांचा सांधा काढला, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा, सगळीकडे वळणारा. पुढे दांडीवर घट्ट बसणारी कडी आली. ती एकदा लावली की सेट कितीदाही सोडा, टॉम पुन्हा त्याच उंचीवर येतो. अंकलांच्या सेटला अशी कडी नव्हती. त्यांनी दांडीवर बायकोच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढली होती. पंचवीस वर्षं ती रेघच आमची कडी.

या सांध्यांचे काही नियम आहेत. तेल आट्यांना द्यायचं, गोळ्याला नाही. गोळा घर्षणावर धरून असतो, तेलकट झाला की टॉम हळूहळू मान टाकतो. विंगनट बोटांनी पिळायचा. पक्कड लावायची नाही, कारण जुन्या सेटांवरचे कितीतरी ब्रॅकेट जस्ताच्या ओतीव धातूचे. ते वाकत नाहीत, थेट तडकतात. ब्रॅकेट आणि लाकडी खोड यांच्या मध्ये नमद्याची किंवा चामड्याची चकती हवी. आम्ही एकदा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला होता, तो अंकलांनी दुसऱ्या दिवशी काढायला लावला. रबर बरीच वर्षं टेकून राहिलं तर रंगावर डाग धरतं. आणि बेळगावचा पाऊस! जूनमध्ये चालू झालेली रिपरिप दसऱ्यापर्यंत पाठ सोडत नाही. गणपतीचे कार्यक्रम संपले की दांड्या कोरड्या फडक्याने पुसून, मेणाचा हलका हात देऊन वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, हे काम माझं.

२०१७ साली अंकलांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, चालणं परत आलं, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. टॉम नेमका त्या हाताच्या वाटेवर. वर्षभर सेट पलंगाखाली पडून राहिला. पुढच्या डिसेंबरात नातीचं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, "पहिला वॉल्ट्झ आजोबांनी वाजवायचा, नाहीतर मी नाचणार नाही."

आम्ही सेट बाहेर काढला. मधल्या काळात तो कुठल्याशा दुकानात दुरुस्तीला जाऊन आला होता. तिथे टॉमच्या ब्रॅकेटचा मूळ विंगबोल्ट हरवला आणि त्यांनी बाजारातला सहा मिलिमीटरचा बोल्ट पिळून दिला. टॉम लावला की दोन मिनिटांत पुढे झुके. दुसऱ्या एका शहरातल्या दुकानदाराने उपाय सांगितला: बेस ड्रमला चार नवी भोकं पाडू, टॉमलाही पाडू, आजचा दुहेरी स्टँड बसवू, पाहिजे तेवढा खाली घ्या. अंकल ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "म्हाका नाका." मग मला म्हणाले, "बोल्ट बदलता येतो, बाबा. खोडाला भोक पडलं की ते भरत नाही."

ब्रॅकेट रुमालात बांधून मी उद्यमबागेत एका टर्नरकडे गेलो. त्याची भाषा कन्नड, माझी मराठी, आणि मधे दोघांची कामचलाऊ हिंदी. त्याने आट्यांचं गेज लावलं आणि हसला. मूळ आटे पाव इंची, इंग्लंडच्या व्हिटवर्थ मापाचे: इंचाला वीस, कोन ५५ अंशांचा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर अंतर. सहाच्या बोल्टचं अंतर एक मिलिमीटर. तो आत जातो, पण आट्याला आटा भेटत नाही. दोन-तीन कडा धरून ठेवतो आणि पिळलं की त्याच खातो. नशीब एवढंच की तो बोल्ट आखूड होता. पुढचे आटे गेले होते, आतले शाबूत होते. टर्नरने लेथवर जरा लांब बोल्ट काढला, टोकाला पितळेचा छोटा तुकडा बसवला, म्हणजे दांडीला चरे पडणार नाहीत. पैसे देताना मी बोल्ट पिळून दाखवला, तर त्याने माझा हात धरला. "स्वल्प सडिल इर्ली." थोडा सैल असू दे. कानडीचा सडिल आणि आपला सढळ कानाला किती जवळचे वाटतात, ते मला त्या दिवशी कळलं.

टॉम आता झुकत नव्हता, पण उंच तर होताच. खाली घ्यावा तर त्याची कड बेस ड्रमला टेके आणि दोघांचा आवाज मरे. दोन संध्याकाळ आम्ही झटापट केली. शेवटी अंकलच म्हणाले, "टॉम राहू दे. मला वर घे." स्टूल दोन इंच चढवलं. मग त्याला धरून स्नेअर वर, पेडल थोडं पुढे, आणि सगळ्यांत शेवटी टॉमचा कोन, काठी कडेवर न आपटता सपाट पडेल एवढा. मांडणी नेहमी बसणाऱ्यापासून सुरू करायची, हा धडा मी तिथे घेतला. पन्नास वर्षांची वाजवण्याची सवय अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बदलायची, तर अंगावर किती काटा येत असेल! ते रोज पंधरा मिनिटं बसत. डावा हात उशिरा पोचे. त्यांनी लय त्या हाताच्या वेगाला आणली.

लग्नात त्यांनी ब्रश घेऊन एकच वॉल्ट्झ वाजवला, जरा संथ. नात नाचली. टॉमवर सबंध गाण्यात मोजून चार-पाच ठोके पडले असतील, पण प्रत्येक जागेवर पडला. मी ॲकॉर्डियन धरून शेजारी होतो आणि खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष त्या बोल्टाकडेच होतं.

अंकल २०२१ साली गेले. सेट आता मडगावला नातीच्या घरी आहे. तिचा मुलगा त्यावर बडवतो. मधूनमधून तिचा फोन येतो: टॉम हलतो, काय करू? मी विचारतो, आधी पोराचं स्टूल कुठे आहे ते बघ. आटे कोरडे झालेत का? बोटांनी पिळलंस की पक्कडीने? आणि लाल रेघ दिसते का अजून?

ती म्हणते, तिच्या वर तीन इंचांवर आम्ही एक निळी ओढली आहे.